वगळलेला हात

रविवारी दुपारी ब्रुकलिनच्या त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्या झाकल्या आणि पडद्यावर नुसत्या रेघांचा डेस्मंड गेरटी चालत आला! फ्रान्समध्ये लढाईत मेलेला पोरगा, पण मान तिरकी धरायची ढब तीच म्हणे. बायका रडायला लागल्या.

"बंद पेटीत कोरे कागद, आणि पेन्सिल आत्म्याची!" आत्मे बोलावणारे प्रोफेसर ऑर्विल गरजले. "विचारा, आई!"

माझ्या शेजारच्या मिसेस गेरटी उठल्या. त्यांच्याच आग्रहानं मी आले होते. महिन्याभरापूर्वी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आलेली मी.

"डेस, आपल्या धाकट्या ऊनाच्या पोटात दोन दिवस कळा आहेत. डॉक्टर म्हणतात, आजच कापायला हवं. कापू देऊ का रे?"

रेघांच्या डेसनं हसत मान हलवली. नाही.

अहो, त्या रेघा माझ्या होत्या! मी चित्रपटाच्या स्टुडिओत गिरवायचं काम करते. खऱ्या माणसाची फीत दुधी काचेवर एकेक चित्र थांबवून दाखवतात, वर कागद ठेवून मी बाह्यरेषा काढते. त्या कागदांचे ओळीनं फोटो घेतले की चित्र हुबेहूब त्या माणसासारखं चालतं. युक्ती नवी, बाहेर कुणाला ठाऊक नाही. ऑर्विलच्या माणसानं फीत देताना एवढंच बजावलं होतं, "कडेचा हात वगळा."

धावत जाऊन स्टुडिओतून फीत आणली आणि मिसेस गेरटींच्या खिडकीत भिंगाखाली धरली. "पलटण निघाली तेव्हाची आहे ही. हा हात कुणाचा?"

त्यांनी अंगठी ओळखली. "माझाच गं. केक देत होते. 'पुरे, आई,' म्हणाला."

"मग तो नकार केकला होता! या फितीत त्याला दुसरं काही करताच येत नाही. बोलवा डॉक्टरांना!"

डॉक्टर आले, पण तोवर पोटात सगळं फुटलं होतं. मंगळवारी ऊना गेली. अकरा वर्षांची पोर!

पुढच्या रविवारी हॉल पुन्हा भरलेला. मी फीत उंच धरून ओरडले, "दिसलं म्हणून खरं मानू नका! कुणी केलं, कसं केलं, विचारा! आणि घरात आजारी माणूस असेल तर आधी डॉक्टरकडे जा!"

"तुझा हात आत्म्यानंच धरला असेल, बाई," कुणीतरी म्हणालं. माणसं समजुतीनं हसली आणि पडद्याकडे वळली.

परवा मिसेस गेरटी स्टुडिओत आल्या. "आत्माबित्मा काही नाही, तूच काढतेस, कळलंय मला. ऊनाला काढशील?"

"तिची फीत आहे?"

त्यांनी मान हलवली. डेससारखीच, तिरकी.

"मग नाही येत काढता," मी म्हणाले.