शिंप्याची अर्धी गोळी

मी बोलतोय, शिंप्याच्या दुकानातलं प्रेशर मोजायचं मशीन. बोलतोय कसला, किळस आलीय म्हणून ओकतोय.

माझा पट्टा हा माणूस सदऱ्याच्या बाहीवरून गुंडाळायचा, तोही चहाचा घोट घशाखाली उतरायच्या आत. वर शेजारच्या न्हाव्याशी गप्पा चालूच. गिऱ्हाइकाचं माप घेताना मात्र "हलू नका, श्वास सोडा" म्हणून दम भरणार. शी!

मला याच्या मुलीने आणलं, तेव्हा याचं प्रेशर एकशे सत्तर होतं. डॉक्टरीणबाईंनी रोज एक गोळी दिली आणि म्हणाल्या, "काका, वरचा आकडा एकशे तीसच्या आसपास ठेवू. तुम्हाला तेवढं पुरे."

शिंप्याला ते पुरे वाटेना. चाळीस वर्षं हा प्रत्येक कपड्यात दोन बोटं कापड जास्तीचं ठेवत आलेला. त्याच हिशेबाने रोज अर्धी गोळी जास्त घ्यायला लागला, कुणाला न सांगता. मी अठ्ठ्याण्णव दाखवलं, तर गडी न्हाव्याला म्हणतो, "तुझं एकशे चाळीस? माझं बघ, दोन आकडी!" उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, ते मात्र गिळून टाकायचा. मला आकडा दाखवता येतो, थोबाडीत मारता येत नाही.

एका सकाळी कात्री घ्यायला उठला आणि शिवणयंत्रावर कपाळ आपटून आडवा झाला. चार टाके पडले. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर "मशीनच बिघडलंय." नाचता येईना, अंगण वाकडं! आठवडाभर मी बटणांच्या डब्याखाली पडून होतो.

मग बायकोने विचारलं, "अहो, तीस गोळ्या वीस दिवसांत कशा संपल्या?" तिने त्याला हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्या म्हणाल्या, "काका, जास्तीचं कापड नंतर कापता येतं. पोटात गेलेली गोळी कशी कापणार? प्रेशर फार खाली गेलं तरी माणूस पडतो. चक्कर आली की मला सांगा. आकडा मी ठरवेन, न्हावी नाही."

आता बायको रोज सकाळी त्याला पाच मिनिटं गप्प बसवते, बाही वर करते आणि मग माझा पट्टा बांधते. आज मी एकशे अठ्ठावीस दाखवलं. शिंपी कुरकुरला, "थोडं आणखी खाली असतं तर..."

"चूप! पुन्हा आपटायचंय का?" ती म्हणाली.

माझी किळस अजून गेलेली नाही. पण हिच्या हातून मोजायला माझी ना नाही.