डाव्या बुटाची साक्ष

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे: चामड्याचा, डाव्या पायाचा आणि काही काळ या घरातला एकमेव आरोपी.

माझे मालक जमीनमोजणी करत. बांध तुडवताना त्यांचे पाऊल इतके नेमके पडे, की आम्हा दोघा भावांच्या टाचा सारख्याच झिजत. "साहेबांचं पाऊल म्हणजे फूटपट्टी!" असे सोबतचे म्हणत, तेव्हा मलाही अभिमान वाटे.

निवृत्तीनंतर सकाळचे फिरणे तेवढे उरले. गेल्या हिवाळ्यात माझे टोक दाराजवळच्या सतरंजीच्या काठाला अडखळू लागले. प्रथम मला सतरंजीचा संशय आला, मग उंबरठ्याचा. पण सपाट फरशीवरही मी घासला जाऊ लागलो, तेव्हा मी मालकांवरच पाळत ठेवली. पूर्वी उभ्याउभ्या मला पायात चढवणारे मालक आता स्टूल शोधत. कुणी पाहत नसले, की त्यांचा हात भिंतीला टेके. सूनबाईंची चाहूल लागताच तो खिशात जाई.

एकदा ते दारातच झोकांडले. सूनबाईंनी सावरले. "बाबा, हा बूटच घातकी आहे. फेकून देते."

"बुटाचाच दोष. मी ठणठणीत आहे," मालक घाईने म्हणाले. "पण फेकू नकोस. तळ बदलून घेऊ."

चोर सोडून संन्याशाला सुळी, ती हीच!

कोपऱ्यावरच्या बूट दुरुस्त करणाऱ्याने आम्हा दोघांना उलटे करून शेजारी ठेवले. "उजवा शाबूत आहे, डाव्याचं टोकच गेलंय. दोघं चालले एकाच रस्त्यावर ना? ताई, बुटाला काही झालेलं नाही. पाय उचलला जात नाहीये."

सूनबाई वळल्या. "बाबा, पडलात का कुठे?"

"पडलो नाही." मालक माझ्याकडे पाहत राहिले. "तीनदा पडता पडता राहिलो. सांगितलं असतं, तर तुम्ही माझं बाहेर जाणंच बंद केलं असतं."

"बंद नाही करणार. पण डॉक्टरांकडे आजच जायचं."

डाव्या पायातली ताकद कमी झाली होती. आता मालक रोज खुर्चीला धरून व्यायाम करतात आणि सूनबाई दर रविवारी माझा तळ तपासतात. "पोलिसात जायला हवी होतीस," असे कुरकुरत मालक फिरायला निघतात.

मित्रांनो, तुमच्या घरातले कुणी वडीलधारे बुटाला, सतरंजीला, उंबरठ्याला बोल लावू लागले, तर आमच्यावर खुशाल संशय घ्या. फक्त फेकून देण्याआधी आम्हाला एकदा उलटे करून पाहा.