पाठीवरची फुलं

सांता क्विटेरिया गावच्या बायका पोलक्यावर फुलं भरतात ती फक्त पाठीवर. पुढून पोलकं कोरं, धुतल्या ताटासारखं. पुढून देव बघतो, त्याला नखरा चालत नाही. मागून आपली गेलेली माणसं चालत येतात, फुलं त्यांच्यासाठी. दोन्या क्रिसांता, म्हणजे क्रिसांताबाई, हे प्रत्येक पाहुण्याला ऐकवायची, त्याला ऐकायचं नसलं तरी. जत्रेला देवळाच्या पायऱ्या चढताना सगळ्यांत पुढे तीच असायची. गावानं तिची पाठ बघत वर यावं, अशी रीत तिनंच पाडली होती.

अशा बाईच्या नातीनं राजधानीच्या विद्यापीठात जाऊन काय शोधावं? की ही फुलं खापरपणज्यांची नव्हेतच. फार वर्षांमागं शहरातली मंडळी गावात सिनेमा काढायला आली होती. त्यात गावच्या बायका पायऱ्या चढतात असं दृश्य होतं आणि कॅमेरा होता खाली, बायकांच्या मागे. कपडेपट सांभाळणाऱ्याला घाई होती, रेशीमही पुरत नव्हतं. दिसणार ती पाठ, म्हणून त्यानं फुलं पाठीवरच भरून घेतली. मंडळी निघून गेली, पोलकी गावात राहिली, पुढच्या जत्रेला बायकांनी तीच घातली. नातीचा, युरिदियाचा, सगळा प्रबंध ह्या एका गोष्टीवर उभा होता.

क्रिसांतानं आठवडाभर तिच्याशी अबोला धरला. मग म्हणाली, "मी मेल्यावर लिही. फार घाई असेल तर अतोलेच्या पेजेत विष कालव."

शेवटी मांडवली झाली. जत्रेच्या आदल्या संध्याकाळी युरिदियानं देवळाच्या भिंतीवर तो सिनेमा दाखवायचा, गावानं आपले डोंगर आणि आपल्या पायऱ्या बघायच्या, आणि पोलक्याबद्दल कोणी चकार शब्द काढायचा नाही.

त्या दुपारी क्रिसांता तामालेसाठी मक्याचं पीठ मळत होती. युरिदिया धावत आली. लॅपटॉप पोटाशी धरलेला, तोंडावर रंग चढलेला. चित्रपट संग्रहालयानं साफ करून दिलेली प्रत त्याच दिवशी तिच्या हातात पडली होती. पायऱ्यांच्या दृश्याचा शेवट जुन्या प्रतीत काळा पडलेला, तो आता लख्ख दिसत होता.

"आजी, हात पूस आणि बघ."

पडद्यावर पाठीच पाठी पायऱ्या चढत होत्या. आणि एकदम त्यातली एक बाई वळली. मागे बघायचं नाही अशी ताकीद असणार, तरी वळली. हनुवटी वर, ओठांवर हसू. आणि छातीवर, जिथं पोलकं कोरं असायला हवं तिथं, पिठाच्या गिरणीचा छाप, भलाथोरला कोंबडा. पुढची बाजू पिठाच्या पोत्याची होती.

युरिदियाला आनंद आवरत नव्हता. कपडा कॅमेऱ्यासाठीच शिवला होता याचा यापेक्षा धडधडीत पुरावा कुठून मिळणार, असं ती एका दमात बोलून गेली आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण ते राहू दे. हनुवटी बघ, आजी. तुझी आहे."

क्रिसांता अंगावर पीत होती तेव्हाच तिची आई, फिदेंसिया, तापानं गेली. फोटो नाही, काही नाही. आयुष्यभर क्रिसांता आरशात बघून अंदाज करत आली होती. आता ती पडद्याला नाक लावून बघत बसली. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा.

"मला कशी ओळखू येणार?" ती म्हणाली. "मी तिला कधी पाहिलंय?"

फिदेंसियाला पाहिलेलं गावात एकच माणूस उरलं होतं, दोन्या तोमासा. तिचं नि क्रिसांताचं कोणाचा टाका बारीक यावरून जन्माचं वाकडं. तोमासाची नजर अधू झालेली, ताटाएवढ्या पडद्यावर तिला माशीसुद्धा दिसली नसती. भिंतच हवी होती. आणि भिंतीवर आई आली की कोंबडाही येणार, अख्ख्या गावासमोर, तोमासासमोर.

"ती वळायच्या आधी मी सिनेमा थांबवते," युरिदिया म्हणाली. "तू म्हणशील तसं."

क्रिसांतानं पीठ असं मळलं की पाटाचा पाय निखळला.

दिवेलागणीला गाव जमलं. भिंतीवर पाठी चालू लागल्या, तसा जो तो आपली आजी ओळखायला लागला; कोणी चालीवरून, कोणी वेणीवरून. ती बाई वळायच्या आत युरिदियानं चित्र थांबवलं. मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या.

क्रिसांता पुढच्या खुर्चीवरून उठली. एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा लोकांकडे.

"तोमासा," ती म्हणाली, "चष्मा लाव." आणि नातीकडे न बघता, "चालू कर."

बाई वळली. भिंतभर बाई आणि वासराएवढा कोंबडा. असं हसू फुटलं की घंटेवरची कबुतरं उडाली. कोणीतरी मागून म्हणालं, हे बघा खापरपणज्यांचं पोलकं. क्रिसांताला ते ऐकूच आलं नाही. ती तोमासाचं तोंड बघत होती.

तोमासा काठी टेकत भिंतीपर्यंत गेली. तिच्या पांढऱ्या केसांवर कोंबड्याची शेपटी पडली.

"फिदेंसिया," ती म्हणाली. "अगं बाई, फिदेंसियाच ही. त्या सिनेमावाल्या साहेबानं दहादा बजावलं होतं, मागे बघू नको म्हणून. मी त्याच्या शेजारीच होते, तू माझ्या कडेवर, क्रिसांता. असा टाहो फोडलास की बिचारी वळली."

हसू विरलं. क्रिसांतानं खांद्यावरच्या रेबोसो शालीचा पदर तोंडावर धरला, काढला, पुन्हा धरला.

"परत लाव," ती म्हणाली.

परत लावलं. मागून तोच आवाज पोत्याबद्दल काही बोलला, तेव्हा मात्र ती गर्रकन वळली. "पोतं तर पोतं. तुझ्या आईला कोणी पोत्यात तरी उभं केलं होतं का सिनेमात?" मग युरिदियाला म्हणाली, "लिही तुझं ते. नाव नीट लिही. फिदेंसिया. आणि कोंबडा मोठा छाप."

सकाळी घंटा सुरू झाल्या तेव्हा तिच्या पोलक्याच्या पुढच्या बाजूला कोळशानं कोंबडा काढलेला होता आणि लाल रेशमानं त्याचा नुसता तुरा भरून झाला होता. ती तशीच निघाली. नेहमीसारखी सगळ्यांच्या पुढे पायऱ्या चढली. युरिदिया खाली कॅमेरा धरून उभी होती. आई वळली त्याच पायरीवर क्रिसांता थांबली, वळली आणि हनुवटी वर करून उभी राहिली. मागचं सगळं गाव अडलं.

"तुरा वाकडा आलाय," एक पायरी खालून चष्मा सावरत तोमासा म्हणाली.

"मग ये संध्याकाळी," क्रिसांता म्हणाली, "आणि सरळ करून दाखव."