फळी जरा फिरवून धरा

कापडाच्या जुन्या गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक खिडक्यांच्या गजांना लटकले होते, आणि पोस्टातले हेडक्लार्क तर गठ्ठे तोलायच्या काट्यावरच चढून उभे होते. काटा अठ्ठ्याऐंशी किलो दाखवत होता, पण तिकडे बघतो कोण? सगळ्यांचे डोळे श्वासाचार्यांच्या उजव्या हातावर.

आचार्यांनी श्वास आत घेतला. इतका घेतला, की पहिल्या रांगेला हवा कमी पडल्यासारखी वाटली. समोर दोन शिष्य एक चौकोनी फळी दोन बाजूंनी घट्ट धरून उभे. "हुं" झालं, तळहात पडला आणि फळीचे दोन तुकडे.

"हात निमित्त," आचार्य म्हणाले. "हा श्वास आहे. बेंबीपासून निघतो, सात वळणं घेतो आणि बोटांतून सुटतो. अक्षय आहे. त्याला वय नाही, वजन नाही, दिशा नाही. एकवीस दिवसांत तुम्हालाही देतो. कवायत नाही, घाम नाही. मारामारी शिकायची आणि वर घामही गाळायचा, हा मागासलेपणा झाला."

टाळ्यांनी पत्रे थरथरले. भाचीही हात लाल होईस्तोवर वाजवत होती. शेजारी तिचे मामा हाताची घडी घालून उभे. धंदा सुतारकीचा, कानामागे पेन्सिल.

भाची रक्ततपासणी केंद्रात कामाला होती. महिनाभर एक माणूस नाल्यावरच्या पुलाच्या जिन्यात उभा राही आणि ती सुटली की मागोमाग येई. तक्रार केल्यावर चार दिवस गायब झाला, पाचव्या दिवशी हजर. तेव्हापासून ती बाजाराला वळसा घालून पाऊण तास जास्त चालत घरी यायची. शाळेच्या मैदानावर ज्यूदो शिकवणाऱ्या बाईंकडे ती जाऊन आली होती. बाईंनी पहिल्या दिवशी पडायला शिकवलं, दुसऱ्या दिवशी ओरडायला. "आणि मारायला?" असं विचारलं, तर म्हणाल्या, "बघू, वर्षभरात." एवढा धीर कुणाला?

"मामा, पेन द्या. अर्ज भरते."

"पेन्सिल आहे."

"पेन्सिलीनं अर्ज भरतात होय?"

"हा भरावा. खोडता तरी येईल."

टेबलामागून आचार्यांनी अडचण विचारली. भाचीनं जिन्याची गोष्ट सांगितली. आचार्य हसले. "एकविसाव्या दिवशी त्याच जिन्यानं जायचं, बेटी. पळायचं नाही, ओरडायचं नाही. ओरडलं की श्वास गळतो. समोर उभं राहायचं आणि सोडायचा."

"नुसता सोडायचा?" मामांनी विचारलं.

"नुसता."

"आणि तो नाही पडला तर?"

"तर मनात शंका आली असं समजायचं."

मामांनी भाचीकडे पाहिलं. पोरगी सांगितलेलं मन लावून करणारी. ती खरोखरच उभी राहिली असती.

आतापर्यंत सगळं गोदाम हात बघत होतं. मामांनी उभा जन्म लाकूडच बघितलेलं. त्यांनी खाली पडलेला तुकडा उचलला. फळी आडवी मोडली तर लाकडाच्या तोंडाला दात येतात. हे तर दाढी केल्यासारखं गुळगुळीत होतं. मग त्यांनी रचून ठेवलेल्या फळ्यांकडे पाहिलं. प्रत्येकीच्या कडेला खडूचा बारीक ठिपका.

"आचार्य, श्वासाला दिशा नाही म्हणालात ना?"

"दाही दिशा त्यातच आहेत."

"मग पुढची फळी जरा फिरवून धरा. वरची कड उजवीकडे. चौकोनीच आहे, तुमचं काय जातंय?"

शिष्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आचार्य म्हणाले, आजची ऊर्जा संपत आली आहे.

"मघाशी अक्षय म्हणालात," काट्यावरून हेडक्लार्क बोलले.

आता लोक ऐकेनात. फळी फिरवली गेली. आचार्यांनी "हुं" केलं आणि हात हाणला. फळी जशीच्या तशी. श्वास मात्र बेंबीपासून निघाला तो एकही वळण न घेता थेट तोंडातून बाहेर पडला, आणि त्याचा उच्चार "आई गं" असा होता.

मामांनी तीच फळी पूर्वीसारखी फिरवली. "मार," ते भाचीला म्हणाले.

"श्वास?"

"तो चालूच असतो. मार."

एका फटक्यात दोन तुकडे. मग इस्त्रीवाल्या आजी पुढे आल्या आणि दुसरी फळी, हेडक्लार्कांना "उतरा आता त्या काट्यावरून" म्हणता म्हणता मोडून मोकळ्या झाल्या.

"खोक्याचं हलकं, खडखडीत वाळवलेलं लाकूड," मामा म्हणाले. "त्याच्या अंगात रेषा असतात. रेषेच्या बाजूनं ते फाटायलाच बसलेलं असतं, आम्ही सरपण फोडतो तसं. आडवं मोडायला मात्र करवत लागते. लांब फळीत रेषा कुठे जाते ते तुम्हाला कळलं असतं, म्हणून चौकोनी कापली. शिष्यांना कळावं म्हणून ठिपका."

"तुमच्या अविश्वासानं..." बादलीत हात बुडवून आचार्य सुरू झाले, पण लोक तोवर फळ्या मोडायला रांगेत उभे होते.

"मामा," भाची हळूच म्हणाली, "मी जिन्यात उभी राहिले असते."

"ठाऊक आहे. आणि त्या माणसाला कुणी दोन बाजूंनी धरून ठेवलेलं नसतं."

अर्ज टेबलावरच राहिला. दुसऱ्या दिवशी ती मैदानावर गेली. बाईंनी तिला पुन्हा पहिल्यापासून पाडलं. दीड महिन्यानं ती मुद्दाम, केंद्रातल्या तिघींना वीस पावलं मागे ठेवून, जिन्यानं निघाली. तो माणूस जवळ आला आणि तिनं बाईंचा दुसऱ्या दिवशीचा धडा मोठ्यानं म्हणून दाखवला. अख्खा पूल वळून बघायला लागला. पळायची विद्या त्याला न शिकवताच येत होती.

मामांनी एक ठिपकेवाली फळी दुकानाच्या दाराला टांगली आहे. कुणी नवल सांगत आलं, की ते नुसतं तिकडे बोट दाखवतात. तुमच्याकडेही कुणी हात दाखवायला येईल. टाळ्या वाजवा, हरकत नाही. पण आपलं माणूस त्याच्या भरवशावर सोडण्याआधी फळी फिरवायला सांगा. खऱ्या विद्येचं त्यात काही बिघडत नाही.