पायाळूचा पाय

प्रमोदिनीबाई पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की कंबरेतली चमक जाते, यावर सगळ्या बूढापारा मोहल्ल्याचा विश्वास. चाळीस वर्षं दर रविवारी सकाळी त्यांच्या ओट्यावर कुणी ना कुणी पालथं पडलेलं असायचं. बाई पदर खोचून तीनदा पाय लावायच्या आणि चहा पाजून पाठवायच्या. पैसा कधी घेतला नाही. मान मात्र पुरेपूर घेतला.

आता त्याच पायाने दगा दिला होता. कुल्ल्यातून निघालेली कळ मांडीमागून पोटरीत आणि तिथून थेट अंगठ्यापर्यंत जायची. बाईंनी अंथरूण धरलं. आलेल्या माणसांना ताप आहे म्हणून सांगायचं, असं सुनेला बजावलं. लोकांच्या पाठी बऱ्या करणारीच लंगडते हे कळलं तर ओट्यावर येईल कोण, ही धास्ती दुखण्याहून मोठी होती.

दोन आठवड्यांनी सून अनुश्री त्यांना बळेच समता कॉलनीत फिजिओथेरपिस्टकडे घेऊन गेली. तिथली मुलगी वयाने नातीएवढी. कंबरेपाशी नस दाबली गेलीये, तिने सांगितलं. पडून राहू नका, थोडं थोडं चाला, व्यायाम करा, बहुतेकांचं काही आठवड्यांत उतरतं. पण पंजा उचलेनासा झाला किंवा लघवीचं भान गेलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

"अन् मी पाय लावून लोकाईले बरं करत होती, ते?"

मुलगी जरा संकोचली. "मांजी, वो तो चार दिन में अपने आप ठीक हो जाता है."

चाळीस वर्षांची पुण्याई एका वाक्यात गेली याचा बाईंना राग होता, आणि पोरगी खरं बोलतेय हे पटल्याचं दुःख त्याहून जास्त. व्यायाम मात्र त्यांनी चुकवले नाहीत. हळूहळू कळ पोटरीतून वर सरकली आणि कंबरेतच थांबायला लागली.

एका रविवारी शेखर आला, बीरगावच्या कारखान्यात पोती उचलणारा. मागे चार-पाच शेजारी. "काकू, पाय लावून द्या. पूरा पाय सुन्न होऊन राहिला."

बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पाय आपसूक उचललाही गेला. मग त्या थांबल्या.

"पहिले टाचेवर उभा राय."

त्याचा डावा पंजा काही उचलेना.

"माझ्या पायात काही नाही रे, शेखर," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "कधीच नव्हतं. डॉक्टरकडे चल, आत्ताच."

शेखर तरीही ओट्यावर पालथा पडायला वाकला. हा एकटा जायचा नाही, हे बाईंनी ओळखलं. त्याचा दंड धरून त्या ओटा उतरल्या. दारादारांत माणसं उभी होती, आणि महिनाभर लपवलेलं लंगडणं झाकायला आता काही उपाय नव्हता.

कोपऱ्यावर ऑटोपाशी शेखरने त्यांच्या पायाकडे पाहिलं. "काकू, तुमचा बी?"

"हव," बाई म्हणाल्या. "चल, बस आत."