लाल गाडी, धाकटं इंजिन

"माणूस असो की मोटार, वरच्या रंगाला भुलू नये. खरी किंमत इंजिनाची!" असं आत्माराम सुर्वे यांनी भाईंदर पूर्वेच्या दीपलक्ष्मी सोसायटीच्या आवारात खणखणीत आवाजात जाहीर केलं. त्या वेळी त्यांची स्वतःची गाडी वॉचमन आणि इस्त्रीवाला ईश्वर असे दोघे मिळून मागून ढकलत होते, आणि आत्मारामभाऊ आत बसून क्लच सोडण्याच्या तयारीत होते. हा दोष बॅटरीचा आहे, इंजिनाचा नव्हे, असा खुलासाही त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून केला. इंजिन सोळाशे सीसीचं होतं. ढकलणाऱ्यांना ते माहीत होतं. भाऊंनी सांगायचं कुणाला बाकीच ठेवलं नव्हतं.

जाहीरनाम्याचं कारण समोरच उभं होतं. हरिश्चंद्र शिगवणची नवी गाडी. लालभडक, बसकी, रुंद टायरांची, मागे छोटासा पंख आणि पुढचे दिवे असे ताणलेले, की कुणावर तरी डोळे वटारलेत. उभी असतानाही सुटल्यासारखी दिसायची. भाऊंची बदामी गाडी सुटलेली असतानाही उभी असल्यासारखी दिसायची, पण त्याला भाऊ भारदस्तपणा म्हणत.

हरिश्चंद्राचा स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचा गाळा होता. गेल्या दिवाळीपर्यंत, म्हणजे दोन हजार सहा सालापर्यंत, हा माणूस स्कूटरवर फिरत होता आणि भाऊ दिसले की ब्रेक दाबून नमस्कार करत होता. नमस्कार तो अजूनही करायचा. पण आता काच खाली करून. बटणानं.

"किती गोड आहे हो!" भाऊंच्या सौभाग्यवती शैलावहिनी गॅलरीतून म्हणाल्या.

"गोड? गाडी आहे ती, जिलबी नाही."

"तेच म्हणतेय मी. जिलबीसारखीच चकाकतेय."

भाऊंनी वर येऊन पेपर उघडला. तो उलटा होता, हे त्यांच्या बऱ्याच वेळानं लक्षात आलं.

नुसत्या गाडीचं दुःख भाऊंनी कसंबसं गिळलं असतं, पण प्रश्न मानाचा होता. दीपलक्ष्मीतला नवरदेव मंडपात जायचा तो भाऊंच्याच गाडीतून, ही सोसायटीची रीत. स्टेअरिंगवर भाऊ स्वतः, डोक्याला फेटा बांधून. विमा कंपनीत जन्म घालवला, पण तिथे त्यांच्याकडे कुणी मान वळवून पाहिलं नाही. लग्नाच्या दारात मात्र बँड वाजायचा, शेपाचशे माना वळायच्या आणि काचेतून पहिले दिसायचे ते भाऊ. नवरदेव काय, मागच्या सीटवर असायचा.

आणि आता दुसऱ्या मजल्यावरच्या मंदाताईंच्या अभिनवचं लग्न ठरलं होतं. हॉल उत्तनला, समुद्राच्या बाजूला.

"भाऊजी, तुमची गाडी लागणारच हं," मंदाताई पत्रिका देताना म्हणाल्या. "सासूबाईंना आणि फराळाच्या डब्यांना."

"आणि अभिनवला?"

"त्याचं काय, अजून ठरतंय," असं म्हणताना मंदाताईंची नजर खिडकीतून खाली गेली आणि लाल होऊन परत आली.

दुसऱ्याच दिवशी भाऊ काशीमीऱ्याच्या हायवेवर त्या गाडीच्या शोरूममध्ये गिऱ्हाईक बनून दाखल झाले. शत्रूच्या किल्ल्याची पाहणी करावी तशी त्यांनी गाडीला प्रदक्षिणा घातली. साहिल नावाचा तरतरीत सेल्समन चहा घेऊन आला.

"सर, बॉडी एकच आहे, इंजिन तीन. सगळ्यात जास्त जातं ते सगळ्यात छोटं."

भाऊंचा कप बशीवर वाजला. "या असल्या गाडीत छोटं इंजिन? पैलवानाला बाळाचं काळीज बसवता काय रे?"

"सर, क्या है ना, दहा लोक येतात गाडी बघायला. नऊ जणांना ती फास्ट दिसायला हवी असते. फास्ट पळायला हवी असते एकाला, आणि त्याला बँक लोन देत नाही." साहिल सराईतपणे पुढे सरकला. "मोठ्या इंजिनाची किंमत ऐकली की लोक चहा न पिता उठतात. छोट्याची ऐकली की बसतात. बाराशेच्या आतल्या छोट्या गाडीला सरकारनंच टॅक्स कमी केलाय. पेट्रोल कमी, इन्शुरन्स कमी. आणि एवढी भारी बॉडी बनवायचा खर्च काय चार शौकीन लोकांकडून निघणार? छोटंवाले घेतात, म्हणून तर मोठंवाल्यांना गाडी मिळते, सर."

"मग कुणाच्या पोटात कुठलं आहे, हे ओळखायचं कसं?"

"मोठ्याच्या डिकीवर आकडा असतो. छोट्याची डिकी एकदम साफ."

भाऊ रिक्षानं परतले ते थेट हरिश्चंद्राच्या गाडीमागे. चष्मा पुसून पाहिलं, मग बोट फिरवून पाहिलं. डिकी साफ होती. त्या रात्री त्यांनी भात दोनदा मागून घेतला आणि शैलावहिनींच्या आमटीची स्तुती केली. वहिनींना वाटलं, ताप आहे.

स्फोटासाठी भाऊंनी रविवार निवडला. पाण्याच्या टाकीच्या सफाईबद्दल सगळे खाली जमले होते.

"काय रे हरिश्चंद्र," भाऊ सहज विचारल्यासारखे गरजले, "किती सीसी रे तुझी?"

"बाराशेच्या आतच, भाऊ. सगळ्यात छोटंच घेतलं."

"ऐकलंत?" भाऊंनी चौफेर पाहिलं. आता हशा पिकणार होता. तळमजल्यावरच्या बबननं पुढे होऊन विचारलं, "म्हणजे ॲव्हरेज काय देते?"

"सोळाच्या खाली नाही."

"सोळा! या रूपाला सोळा! आणि आपण येडे, साधा डबा घेऊन बसलोय!"

लोक टाकी विसरून लाल गाडीभोवती गोळा झाले. मंदाताईंनी तर छातीवर हात ठेवला. "बाई गं, सुटले मी! मला धास्ती होती, ही विमानासारखी उडवतो की काय पोराला. छोटंच आहे ना इंजिन? मग बसू दे अभिनवला हिच्यातच."

जो नवरदेव अजून ठरत होता, तो भाऊंनी आपल्या हातांनी दार उघडून लाल गाडीत बसवला.

लग्नाच्या सकाळी भाऊ फुलबाजारातून दोन पोती झेंडू घेऊन आले. लाल गाडीला दोन माळा होत्या. भाऊंनी बदामी गाडीला बॉनेटपासून टपापर्यंत असं काही मढवलं, की रस्ता दिसायला माळांत एक फट ठेवावी लागली. मग फेटा बांधला.

"अहो, नवरदेव आपल्या गाडीत नाहीये," शैलावहिनी म्हणाल्या.

"हे झेंडूला कळतं का?"

मागच्या सीटवर अभिनवची आजी गोदूबाई, शेजारी लाडवांचे डबे, अशी वरात निघाली. खाडीकडचा सपाट रस्ता संपून उत्तनच्या अलीकडचा चढ लागला आणि लाल गाडी गुरगुरायला लागली. आत नवरदेव, करवली, दोन मामा आणि एसी. मामा दोन्ही वजनदार होते. दुसरा गिअर पडला, मग पहिला. मासळीची टोपली डोक्यावर घेतलेली एक बाई तिच्या बरोबरीनं चालत होती आणि आत डोकावून नवरदेव बघत होती.

भाऊंना इतक्या दिवसांचं जेवण एका क्षणात अंगी लागलं. त्यांनी पाय दाबला. सोळाशे सीसी खाकरले आणि झेंडूच्या पाकळ्या उडवत पुढे निघून गेले.

"अरे आत्माराम, नवरा मागे राहिला!" गोदूबाई ओरडल्या.

"येईल सावकाश. बाराशेच्या आतला आहे."

हॉलच्या दारात मुलीकडची मंडळी वाट पाहत होती. फुलांनी झाकलेली गाडी वळताना दिसताच बँड कडाडला. कुणी नारळ उतरवून फोडला, कुणी चाकांवर पाणी ओतलं. मुलीची आई आशाताई सकाळपासून घाईत होत्या. समोर फेटा उतरलेला दिसताच त्यांनी खालच्या मानेनंच कुंकू लावलं, वर तांदूळ दाबले आणि ओवाळायला घेतलं.

"मुलगा जरा वयस्क वाटत नाही?" मागून एक मावशी कुजबुजली.

"हल्ली उशिराच करतात," दुसरी म्हणाली.

आशाताईंनी मान वर केली. समोर पांढऱ्या मिशा होत्या. तबक थांबलं. बँडही थांबला, पण एकदम नाही. आधी ढोल, मग ताशा, आणि क्लॅरिनेटवाला डोळे मिटून वाजवत असल्यामुळे तो बराच वेळ एकटाच चालू राहिला.

"काका, गाडी बाजूला घ्या, नवरदेव येतोय!" कुणीतरी ओरडलं.

लाल गाडी आली. इतक्या सावकाश आली, की फाटकापासून दारापर्यंत ती सगळ्यांना पुढून, बाजूनं, मागून पुरती बघून घेता आली. "काय ऐटीत चालवतोय!" लोक म्हणाले. पोरींनी मोबाईल काढले. बँड दुप्पट जोरात वाजला.

अक्षता पडल्यावर भाऊ हॉलच्या मागे गेले. हरिश्चंद्र लाल गाडीचं बॉनेट उघडून तिला वारा घालत होता.

"रडली ना चढाला?" भाऊ म्हणाले. कपाळावर कुंकू तसंच होतं.

"रडलीच, भाऊ. एसी बंद केला तेव्हा आली."

"मग लाज कशी नाही वाटत तुला?"

"कशाची?" हरिश्चंद्राला खरंच कळलं नाही. "मोठं मागितलं असतं, तर अजून स्कूटरवरच असतो की. आणि पळवू कुठे, काशीमीऱ्याला ट्रकच्या मागे? मला पळायचं नव्हतंच, भाऊ. एवढंच वाटायचं, आपण कुठेतरी यावं आणि चार लोकांनी मान वळवून बघावं."

हे वाक्य भाऊंच्या अगदी ओळखीचं होतं. मोठ्यानं मात्र त्यांनी ते कधी म्हटलं नव्हतं.

त्यांनी बॉनेटखाली वाकून ते इंजिन पाहिलं. लहानसंच होतं. आत पंगत बसली होती, शैलावहिनी जिलबी वाढत होत्या, इकडे कुणाचं लक्ष नव्हतं. भाऊंनी फेटा काढून काखेत धरला आणि जाहीरनाम्याच्या वेळी करत तसा घसा साफ केला.

"हरिश्चंद्र."

"बोला ना, भाऊ."

"जरा... हॉर्न वाजवून बघू का? एकदाच."