अर्धा निळा, अर्धा पांढरा

"तोंड उघडायचं नाही, जबडा बांधलाय तुझा," बेकरीवाला म्हणाला. "मी फटीतून सोडतो थोडं थोडं. तू फक्त गिळ."

चमच्यातलं पाणी ओठांवर आलं. थोडं आत गेलं, बरंचसं हनुवटीखालच्या पट्टीत जिरलं. खाटेवरच्या माणसाने गिळलं आणि उघड्या डोळ्याने वर पाहिलं. दुसरा डोळा सुजून मिटला होता. डोक्याला टाळूपासून कानांपर्यंत पट्टी होती, उजवा हात कोपरापासून प्लास्टरमध्ये. खाटेभोवती तीन स्टुलं आणि त्यांवर तीन माणसं. तिघांचेही चेहरे डावीकडून निळे, उजवीकडून पांढरे, मधोमध सरळ रेघ. घामाने रंग ओघळून गळ्यापर्यंत आला होता.

"बिगुल्या, ओळखलंस ना रे आम्हाला?" ड्रायव्हरने विचारलं.

त्याने ओळखलं होतं. चांगलंच ओळखलं होतं. अडचण एवढीच होती, की तो बिगुल्या नव्हता.

बस स्टँडच्या टोकाला, पार्सल ऑफिसच्या शेजारी एक खिडकी असते. वर पाटी असते, 'हरवले-सापडले'. त्या खिडकीमागे हा माणूस आयुष्यभर बसत आला होता. स्टँडवरची पोरंटोरं त्याला हरवलेकाका म्हणत. प्रवाशांच्या विसरलेल्या छत्र्या, डबे, चपलेचा एकेक पाय, कुणाची कवळी, हे सगळं त्याच्याकडे यायचं. कुणी न्यायला आलं की तो एकच शब्द विचारायचा, "खूण?" छत्री काळी आहे हे कुणीही सांगेल. मूठ कुठे टवकली आहे, हे फक्त तिचा धनीच सांगतो. खोटं बोलणारा माणूस उत्तर देण्याआधी एक छोटा श्वास घेतो, हे त्याला इतक्या वर्षांत कळलं होतं.

घरी कुणी नव्हतं. नाद एकच, फुटबॉलचा. आपला संघ परगावी खेळायला गेला की हाही एकटा बसने जायचा आणि पाहुण्यांच्या स्टँडमध्ये या टोळक्याच्या बरोबर मागच्या रांगेत बसायचा. हे चौघं होते. बेकरीवाला, ड्रायव्हर, टेलर आणि बिगुल वाजवणारा बिगुल्या. बाकीचे लोक गालावर एखादा पट्टा ओढत, पण अर्धं तोंड निळं आणि अर्धं पांढरं रंगवणारे अख्ख्या स्टँडमध्ये हे चारच. त्यांचा एक नियमही होता. जिंकलो तर रंग मैदानातच धुवायचा, हरलो तर तसाच घरी न्यायचा आणि घरच्या नळाखाली धुवायचा. हरवलेकाका मागे बसून त्यांच्या विनोदांना हळूच हसायचा. पुढे पुढे तोही घरून निघताना तोंड तसंच रंगवायला लागला. चौघांपैकी कुणी कधी मागे वळून पाहिलं नाही. सामना पुढे चाललेला असताना मागे कोण बघतो?

आज संघ हरला होता. सगळे मान खाली घालून जिन्याने उतरत होते. जिना जुना, बंदिस्त, कोंदट. बिगुल्या नेमका त्याच्या शेजारी आला होता. मागून रेटा आला, कठडा कलला, आणि बिगुल्याने आधारासाठी याची बाही धरली. दोघं एकदमच खाली कोसळले. हा अलीकडे, फरशीवर. बिगुल्या पलीकडे, जिन्याच्या पाठीमागच्या अंधाऱ्या खाचेत, जिथे फाटक्या जाळ्या आणि मोडक्या खुर्च्या टाकलेल्या असतात. वरून एक फळी खाली आली आणि खाच झाकली गेली. हे त्याने पाहिलं होतं. मग वरून ओरडा ऐकू आला, "बिगुल्या पडला, धरा त्याला," आणि अर्धी निळी, अर्धी पांढरी तोंडं त्याच्यावर वाकली.

त्यांनी एक निळं-पांढरं तोंड शोधलं आणि त्यांना एक सापडलं. मग आणखी कोण कशाला शोधणार?

शुद्ध आल्यावर त्याने डावा हात उचलून स्वतःच्या छातीकडे बोट केलं होतं आणि नाही नाही असा पंजा हलवला होता.

"काय म्हणतोय?"

"छातीत दुखत नाही म्हणतोय. शाबास, लेका."

तेव्हा तो पुन्हा हात उचलू शकला असता. उचलला नाही. बेकरीवाल्याने पायांवर ब्लँकेट ओढलं, कडा आत खोचल्या. ड्रायव्हर त्याच्या पावलांची बोटं चोळत राहिला. त्याच्या खाटेशी आजवर एक स्टूल कधी कुणी ओढून बसलं नव्हतं, इथे तीन होती. थोडा वेळ, त्याने स्वतःला सांगितलं. अगदी थोडा वेळ.

खिडकीबाहेरचा उजेड पिवळा होत चालला होता. वॉर्डातले बाकीचे रुग्ण भिंतीकडे तोंड करून झोपले होते.

"याचा खांदा बारीक वाटतोय," टेलर अचानक म्हणाला.

"पडलाय तो जिन्यावरून. आकसला असेल," बेकरीवाला म्हणाला.

"माणूस आकसत नाही. मी याला वीस शर्ट शिवलेत."

"मग आता एकविसावा शिव, लहान मापाचा. टेप काढ, घे माप. इथेच दुकान थाट."

ड्रायव्हर हसला. टेलर हसला नाही. तो खाटेवरच्या माणसाकडे बघत राहिला, कापडात दोष आहे पण कुठे ते दिसत नाही, तसा.

"ते सोड. हे घे, उशाशी नको, पायाशी ठेवतो," ड्रायव्हरने पिशवीतून बिगूल काढलं आणि ब्लँकेटवर ठेवलं. "बरं झालं गेटवर आत नेऊ दिलं नाही. माझ्या गाडीतच राहिलं. नाहीतर तुझ्याबरोबर याचाही चुरा झाला असता."

पितळी बिगूल त्याच्या पायांच्या मधोमध पडलं होतं. वरच्या दिव्याचा एक ठिपका त्यात चमकत होता.

आणि मग ते वाजलं.

लांबून. खूप लांबून, जाड भिंतीपलीकडून आल्यासारखं. सामना सुरू होताना बिगुल्या वाजवायचा तेच सूर, दोन आखूड, एक लांब. पण त्यातला लांब सूर अर्ध्यातच तुटला. हरवलेकाकाने बिगुलाकडे पाहिलं. ते ब्लँकेटवर निपचित होतं. दिव्याचा ठिपका जागचा हलला नव्हता. त्याने तिघांकडे पाहिलं. बेकरीवाला चमचा पुसत होता. ड्रायव्हर जांभई देत होता.

पायांना ब्लँकेटच्या आत गार लागलं.

सिस्टर आली. हातात ट्रे, ट्रेमध्ये पाण्याचं भांडं आणि ओला कपडा. "चला, बाजूला व्हा. काय हा अवतार. तोंड पुसायचंय यांचं."

"नको, सिस्टर," बेकरीवाला आडवा आला. "आमचा नियम आहे. हरलो तर रंग घरीच धुवायचा."

"आणि माझा नियम आहे, वॉर्डात पेशंट स्वच्छ पाहिजे."

"बिगुल्याने अठरा ताप असताना मोडला नाही हो नियम. आज मोडला तर बरा झाल्यावर आमची तोंडं फोडेल."

"अठरा ताप कुणाला असतो का?"

"याला होता. थर्मामीटर उलटं धरलं होतं."

सिस्टरला हसू आलं. तिने भांडं आणि कपडा टेबलावर ठेवला. "पाच मिनिटांनी परत येते. तोवर नियमाचं काय ते ठरवा."

ती जाताच हरवलेकाकाच्या छातीतला श्वास सुटला. त्या सुटलेल्या श्वासाची त्याला स्वतःलाच भीती वाटली. बिगुल्या त्या फळीखाली पडला होता. सामना संपून मैदान रिकामं झालं असणार. दारांना कुलपं लागली असणार. आणि तो इथे, दुसऱ्याच्या ब्लँकेटखाली, दुसऱ्याच्या पाण्याचे घोट घेत होता.

ड्रायव्हरचा फोन वाजला.

"वहिनी आहेत. हो वहिनी, शुद्धीत आलाय. नाही, बोलता येत नाही, जबडा बांधलाय. ऐकू येतं ना. थांबा, कानाला लावतो. बोला तुम्ही."

गार फोन पट्टीवर टेकला. आधी नुसता श्वास ऐकू आला. मग बाईचा आवाज, सांभाळून आणलेला.

"अहो, मी बोलतेय. काही बोलू नका. डॉक्टरांनी नको म्हटलंय ना. मी काही रडत-बिडत नाहीये. नळ दुरुस्त करून घेतला, गळत नाही आता. तुम्ही म्हणत होता ना, आल्यावर करतो, तो. तर आता नळ बघायला तरी लवकर या." ती थांबली. "ऐकताय ना? नुसतं हुं करा. एकदाच. मग मी ठेवते."

हुं. तेवढंच तर करायचं होतं. जबडा हलवायची गरज नव्हती. घशातून निघालं असतं.

त्याने श्वास घेतला. छोटासा. आणि त्याला तो ऐकू आला.

हरवले-सापडलेच्या खिडकीपलीकडच्या त्या सगळ्या माणसांनी घेतला होता तसाच श्वास. दुसऱ्याच्या छत्रीवर हात ठेवून 'माझीच आहे' म्हणण्याआधीचा.

त्याच वेळी बिगूल पुन्हा वाजलं. आता फक्त दोन आखूड सूर. लांब सूर आलाच नाही. त्याची वाट बघत खोली जणू थांबून राहिली.

"अहो?" फोनमधला आवाज म्हणाला.

त्याने डावा हात लांब केला. टेबलावरचा ओला कपडा ओढला. भांडं कलंडलं, पाणी फरशीवर गेलं. "अरे अरे, काय करतोस, नियम," असं बेकरीवाला म्हणेपर्यंत त्याने कपडा कपाळाखाली टेकवला आणि डाव्या गालावरून खाली ओढला. मग पुन्हा. निळा रंग निघाला. त्याखालून एक गाल वर आला. वयस्कर, जरा खोलगट, डोळ्याखाली मोठा तीळ असलेला.

ड्रायव्हरच्या हातातून फोन उशीवर पडला.

"हा कोण?" बेकरीवाल्याने विचारलं. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "मग आपला कुठेय?"

टेलर तेवढा उठला आणि अगदी जवळ वाकला. हरवलेकाकाने डाव्या हाताची दोन बोटं उभी केली. शेजारी शेजारी. मग ती कलती केली. एक बोट खाटेच्या अलीकडे टेकवलं. मग दुसरं खाटेच्या पलीकडे नेलं, खाली, आणि त्या जागी तळहात पालथा ठेवला.

"जिन्याच्या मागे," टेलर म्हणाला. "खाली. झाकलाय."

मान हलेना. त्याने डोळा मिटून उघडला.

तिघंही धावले. स्टुलं कलंडली. त्यांच्या चपलांचे आवाज जिन्यावरून उतरत गेले आणि खोली एकदम मोठी झाली.

उशीवरचा फोन अजून चालू होता. "अहो? काय झालं? कोण आहे तिथे?" मग जरा वेळाने, हळू, "कुणीतरी आहे. श्वास ऐकू येतोय."

त्याने हुं केलं नाही. फोन बंदही केला नाही. तिनेही ठेवला नाही. बाहेर दिवेलागण झाली, खिडकीत काळोख भरला, आणि ती दोन अनोळखी माणसं एकमेकांचा श्वास ऐकत राहिली, फोनची बॅटरी संपेपर्यंत.

सकाळी टेलर आला. तोंडावरचा रंग अजून तसाच, पण आता त्याला धुळीचा थर चढला होता. त्याने एक स्टूल उभं केलं, पण बसला नाही.

"सापडला. जिवंत आहे," तो म्हणाला. "खालच्या मजल्यावर ठेवलाय. बरगड्या गेल्यात, ओरडायला छातीत वाराच उरला नव्हता. फळी उचलली तेव्हा तो..." टेलरने मूठ वळून ओठांना लावली. "असं करत होता. मुठीत फुंकत होता. आवाज कसला निघतोय त्यातून. डॉक्टर म्हणतात, जगेल, पण बिगूल विसरा आता. तेवढा दम परत यायचा नाही. आणखी थोडा उशीर झाला असता तर तेही नाही."

हरवलेकाकाने डोळा मिटला. आणखी थोडा. आणि थोडं आधी सांगितलं असतं तर? टेलरने ते विचारलं नाही.

"तरीही मागतोय ते. उशाशी ठेवा म्हणतो." त्याने बिगुलाकडे हात केला. सिस्टरने रात्री ते हरवलेकाकाच्या हाताशी सरकवून ठेवलं होतं.

हरवलेकाकाने डावा पंजा बिगुलावर ठेवला. भुवई उंचावली. टेलर आधी गोंधळला.

"काय? आमचंच आहे ते. खूण सांगू?" त्याने जरा विचार केला. पण तो छोटा श्वास घेतला नाही. "बिगुलाच्या रुंद तोंडाच्या आतल्या बाजूला निळी चिंधी कोंबलेली असेल. थुंकी पुसायला. माझ्याच दुकानातली."

हरवलेकाकाने बोट घालून पाहिलं. चिंधी होती. त्याने ती पुन्हा नीट आत सरकवली आणि बिगूल टेलरच्या हातात दिलं, फुंकायचं टोक त्याच्या बाजूला येईल असं. खिडकीतून छत्री द्यायचा तसंच.

टेलर वळला, दारापाशी थांबला. "आमच्यासारखंच रंगवलं होतं तुम्ही. आम्ही तुम्हाला कधी पाहिलं कसं नाही? कुठे बसता?"

हरवलेकाकाने अंगठा खांद्यावरून मागे नेला.

टेलरने त्या खांद्याकडे पाहिलं. बराच वेळ. "बारीक आहे, म्हटलं होतं मी," तो म्हणाला आणि खाली गेला.

मग सिस्टर आली, नवं पाणी आणि नवा कपडा घेऊन. त्याचा डावा गाल उघडा होता. उजवा अजून पांढरा होता, ओघळलेला, सुकून भेगाळलेला.

"अर्धंच पुसलंत, काका? द्या इकडे, उरलेलं मी पुसते."

त्याने डावा हात वर करून तिला थांबवलं.

सिस्टरने कपडा पिळता पिळता त्याच्याकडे पाहिलं. "घरी जाऊन धुणार? तुम्हालाही तो नियम आहे का?"

"हुं," तो म्हणाला.